औषधदान आणि अभयदान : वाल्डेमार हाफकिन यांचे जीवनकार्य

आपल्या पूर्वाचार्यांनी दानाचे चार प्रकार सांगितले आहेत : आहारदान, औषधदान, ज्ञानदान आणि अभयदान. न्यासाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त ही स्मरणिका प्रसिद्ध होत असताना, यांपैकी औषधदान आणि अभयदान ही दोन दाने ज्यांच्या आयुष्यात एकरूप झाली अशा एका थोर पुरुषाचे चरित्र वाचकांपुढे ठेवावे, असे मनात आले. हे गृहस्थ जन्माने जैन नव्हते, भारतीयही नव्हते. रशियन साम्राज्यातील ओडेसा शहरी जन्मलेले ते एक ज्यू होते. तरीही त्यांचे नाव कोकणाला अपरिचित नाही. पावसाळ्यात शेतात काम करताना सर्पदंश झाला की ज्या औषधासाठी धावाधाव होते, त्या औषधाच्या बाटलीवर आपल्यापैकी अनेकांनी ‘हाफकिन’ हा शब्द वाचला असेल. परळ येथील त्या संस्थेस ज्यांचे नाव दिले गेले, ते वाल्डेमार हाफकिन हेच या लेखाचे चरित्रनायक होत.

२०२० आणि २०२१ या दोन वर्षांत करोनाच्या महामारीने आपणा सर्वांना बरेच काही शिकविले. मुंबईहून गावी परतणारे चाकरमानी, गावाच्या वेशीवर त्यांची अडवणूक, शाळांच्या इमारतींतील विलगीकरण, लसीविषयीच्या नाना शंका आणि अफवा हे सर्व आपण डोळ्यांनी पाहिले. परंतु यांतील बहुतेक गोष्टी सव्वाशे वर्षांपूर्वीही घडून गेल्या होत्या. त्या वेळी एक प्रयोगशाळा सांभाळून, लोकांचा विश्वास जोडून आणि शेवटी स्वतःवरील घोर अन्याय सोसून हाफकिन यांनी जे कार्य केले, ते कोणत्याही सेवाभावी संस्थेच्या चालकांनी अभ्यासावे असे आहे.

जन्म, शिक्षण आणि धर्मनिष्ठा

वाल्डेमार हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी झाला. ओडेसा येथील विद्यापीठात प्राणिशास्त्र शिकत असताना त्यांना इल्या मेचनिकॉफ यांच्यासारखा थोर गुरू लाभला. पुढे १९०८ मध्ये मेचनिकॉफ यांना नोबेल पारितोषिक मिळाले. तो काळ रशियातील ज्यूंना अत्यंत कठीण होता. १८८१ मध्ये ओडेसात ज्यूंच्या वस्त्यांवर हल्ले झाले, तेव्हा तरुण हाफकिन आपल्या बांधवांच्या रक्षणासाठी उभे राहिले, जखमी झाले आणि पकडलेही गेले. विद्यापीठात वरच्या जागेसाठी त्यांची योग्यता होती. परंतु ती मिळण्यासाठी ख्रिस्ती धर्म स्वीकारणे आवश्यक होते. हाफकिन यांनी नोकरी सोडली, पण धर्म सोडला नाही. आपल्यासारख्या अल्पसंख्य समाजाला या निष्ठेचे मोल विशेष कळावे.

१८८८ मध्ये ते स्वित्झर्लंडला गेले आणि १८८९ मध्ये पॅरिसच्या जगप्रसिद्ध पाश्चर संस्थेत दाखल झाले. तेथे त्यांना प्रारंभी मिळाली ती ग्रंथपालाच्या साहाय्यकाची जागा. ग्रंथालयाचे काम संपले की उरलेल्या वेळात ते जंतूंवर प्रयोग करीत. अशा प्रयत्नांतून त्यांनी पटकीवरील लस सिद्ध केली आणि १८ जुलै १८९२ रोजी ती सर्वप्रथम स्वतःच्या शरीरात टोचून घेतली. दुसऱ्याला जे द्यावयाचे ते आधी स्वतः घेऊन पाहावे, हा नियम त्यांनी तेव्हापासून आयुष्यभर पाळला.

पटकीचे माहेरघर भारतात होते. म्हणून १८९३ मध्ये ते भारतात आले. उत्तर हिंदुस्थानातील लष्करी छावण्या, कलकत्त्याच्या दाट वस्त्या आणि आसामातील चहाचे मळे असे हिंडत त्यांनी सुमारे ४२ हजार लोकांना लस टोचली. या दगदगीत त्यांना हिवतापाने ग्रासले आणि १८९५ मध्ये प्रकृतीसाठी युरोपला परतावे लागले. परंतु बरे वाटताच, १८९६ मध्ये ते पुन्हा भारतात दाखल झाले.

मुंबईवरील संकट

त्याच वर्षी सप्टेंबर महिन्यात मुंबईच्या मांडवी भागात एक भयंकर ताप पसरू लागला. मांडवी म्हणजे धान्याची कोठारे, गुदामे आणि त्यांच्या आजूबाजूला दाटीने राहणारे व्यापारी, गुमास्ते व हमाल यांची वस्ती. कच्छ व गुजरातमधून आलेल्या आपल्या जैन बांधवांच्या पेढ्याही या परिसरात होत्या. मूळचे गोव्यातील हडफडे गावचे डॉ. आकासियु व्हिएगस यांनी हा रोग म्हणजे गाठीचा प्लेग असल्याचे ओळखले. हाँगकाँगमध्ये १८९४ साली हाहाकार माजविलेली महामारी आता मुंबईच्या दारात येऊन ठेपली होती.

मुंबईची त्या वेळची वस्ती सुमारे ८ लाख होती. पाहता पाहता लाखो लोक शहर सोडून निघाले. गिरण्या ओस पडल्या, बाजार बंद झाले. कोकणातील चाकरमानी आगबोटींनी आणि पायवाटांनी गावाकडे परतू लागले आणि बंदरोबंदरी उतारूंची तपासणी सुरू झाली. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी सरकारने साथरोगाचा कायदा केला. हाच कायदा १२३ वर्षांनी, मार्च २०२० मध्ये, आपल्या राज्यात पुन्हा लागू झाला हे वाचकांना आठवत असेल.

त्या कायद्याची तेव्हाची अंमलबजावणी मात्र फार कठोर होती. घराघरात शिरून झडती, रुग्णाला जबरदस्तीने इस्पितळात नेणे, सामानाची जाळपोळ, स्त्रियांची परक्या पुरुषांकडून तपासणी, यांमुळे लोक प्लेगपेक्षाही प्लेगच्या बंदोबस्ताला अधिक भिऊ लागले. रुग्ण लपविले जाऊ लागले. ऑक्टोबर १८९६ मध्ये गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला. पुण्यात रोष इतका वाढला की २२ जून १८९७ रोजी प्लेग अधिकारी रँड यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. त्याच पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले यांनी १० मार्च १८९७ रोजी देह ठेवला होता. लोक सेवेच्या विरोधात नव्हते, त्यांचा विरोध बळजबरीला होता, हे या दोन घटना शेजारी ठेवल्या असता स्पष्ट दिसते.

एक खोली, एक कारकून, तीन शिपाई

सरकारच्या बोलावण्यावरून हाफकिन ७ ऑक्टोबर १८९६ रोजी मुंबईत पोहोचले. ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये त्यांना एक खोली आणि एक ओसरी मिळाली. मदतीला एक कारकून व तीन शिपाई. एवढ्या सामग्रीवर त्यांनी दिवसाचे बारा ते चौदा तास काम सुरू केले. हा ताण त्यांच्या साहाय्यकांनाही सोसवला नाही. एकाची प्रकृती ढासळली आणि दोघे काम सोडून गेले. तरीही अवघ्या तीन महिन्यांत लस तयार झाली आणि १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ती स्वतःला टोचून घेतली; तीही पुढे इतरांना दिलेल्या मात्रेपेक्षा कितीतरी अधिक प्रमाणात. त्यांना ताप आला, अंग दुखले. परंतु त्यांनी काम थांबविले नाही.

त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगात साथ शिरली. तेथील सुमारे निम्म्या कैद्यांनी आपण होऊन लस घेतली आणि निम्म्यांनी घेतली नाही. लस न घेतलेल्यांपैकी १२ जणांना प्लेग झाला व ६ दगावले. लस घेतलेल्यांपैकी दोघांना रोग झाला, पण दोघेही वाचले.

हाफकिन यांची खरी थोरवी त्यांनी ठेवलेल्या हिशेबात आहे. व्यापाऱ्याची वही जशी जमा आणि नावे या दोन्ही बाजूंनी चोख असावी लागते, तशी त्यांची नोंद असे. फेब्रुवारी १८९८ मध्ये बडोदे संस्थानातील उंधेरा या छोट्या गावी त्यांनी प्रत्येक कुटुंबातील साधारण निम्म्या माणसांना लस दिली. घर एक, अन्न एक, पाणी एक. फरक केवळ लसीचा. लस घेतलेल्या ७१ जणांपैकी ८ आजारी पडले आणि ३ दगावले. लस न घेतलेल्या ६४ जणांपैकी २७ आजारी पडले आणि २६ दगावले. येथे लस घेतलेल्यांचेही तीन मृत्यू आहेत आणि त्यांनी ते झाकून ठेवले नाहीत. आपल्या औषधाने सारेच वाचतात असा दावा त्यांनी कधी केला नाही. दमण येथील आकडेही असेच बोलके आहेत : लस घेतलेल्या २,१९७ लोकांत ३६ मृत्यू, तर न घेतलेल्या ६,०३३ लोकांत १,४८२ मृत्यू.

विश्वास हेच भांडवल

लस टोचून घेण्याची सक्ती नसावी, लोकांना समजावून सांगावे, त्यांच्याच समाजातील मान्यवरांनी पुढे व्हावे, अशी हाफकिन यांची रीत होती. खोजा समाजाचे धर्मगुरू आगाखान यांनी सर्वांसमक्ष स्वतः लस टोचून घेतली आणि आपल्या अनुयायांना धीर दिला. एवढेच नव्हे, तर प्रयोगशाळेला जागा अपुरी पडू लागली तेव्हा आपला खुश्रू लॉज हा बंगला त्यांनी उपलब्ध करून दिला. जे काम फौजफाट्याने झाले नाही, ते धर्मगुरूंच्या एका उदाहरणाने झाले.

आपल्या समाजापुढे मात्र या लसीने एक अवघड प्रश्न उभा केला होता आणि त्याचा उल्लेख टाळणे योग्य होणार नाही. प्लेगचे जंतू वाढविण्यासाठी मांसाचा अर्क लागे. हिंदू व मुसलमान यांच्या भावना ध्यानी घेऊन हाफकिन यांनी गोमांस व डुकराचे मांस टाळले आणि बोकडाचे मांस वापरले. अर्काच्या पृष्ठभागावर तुपाचे थेंब सोडीत, त्यांच्या खाली जंतू लोंबत्या झुंबरांसारखे वाढत. पुढे उष्णता देऊन हे जंतू मारले जात व त्यापासून लस होई. इतरांच्या दृष्टीने प्रश्न सुटला होता. परंतु मांसमात्र वर्ज्य मानणाऱ्या जैनांच्या दृष्टीने तो सुटला नव्हता. एकीकडे व्रत आणि दुसरीकडे घरातील लेकरांचे प्राण, असा तो पेच होता. उंदरांच्या बाबतीतही तसेच झाले. उंदराच्या पिसवांमुळे प्लेग पसरतो हे पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये कराचीत दाखवून दिले. नंतर शहरोशहरी उंदीर मारण्याच्या मोहिमा निघाल्या, तेव्हा पांजरपोळ चालविणाऱ्या आपल्या समाजाला त्या रुचणे शक्य नव्हते.

ज्यांनी लस घेतली त्यांना धर्मभ्रष्ट म्हणू नये आणि ज्यांनी घेतली नाही त्यांना अडाणी म्हणू नये, असे आज मागे वळून पाहताना वाटते. दोघांच्याही मनात जीवाविषयी करुणाच होती. समाधानाची गोष्ट अशी की परळच्या त्याच प्रयोगशाळेत पुढे साहिबसिंग सोखी यांच्या काळात मांसाच्या अर्काऐवजी दुधातील केसीन या द्रव्यापासून केलेल्या माध्यमावर प्लेगची लस बनू लागली. सोखी हे १९३२ मध्ये या संस्थेचे पहिले भारतीय संचालक झाले. श्रद्धेची अडचण ही कायमची भिंत नसते. शास्त्राला वेळ आणि समाजाने संयम दिला, तर त्यातून वाट निघू शकते.

परळची प्रयोगशाळा

१० ऑगस्ट १८९९ रोजी प्लेग संशोधन प्रयोगशाळा परळच्या जुन्या राजभवनात आली. या वास्तूचा इतिहासही चिंतनीय आहे. पूर्वी तेथे ख्रिस्ती मठ होता, मग गव्हर्नराचे निवासस्थान झाले. १८८२ मध्ये गव्हर्नर फर्ग्युसन यांच्या पत्नीचा तेथे पटकीने मृत्यू झाला आणि पुढे गव्हर्नरांनी मलबार टेकडीवर मुक्काम हलविला. प्लेगच्या काळात तेथे इस्पितळही चालले. ज्या वास्तूत रोगाने राजघराण्यालाही सोडले नाही, तेथेच सामान्य जनांसाठी औषध बनू लागले. एका कारकुनापासून सुरू झालेल्या या संस्थेत १९०१ पर्यंत ५३ माणसे काम करू लागली. हाफकिन तिचे मुख्य संचालक होते.

मुल्कोवालची दुर्घटना

पंजाबात प्लेग बळावला आणि लसीची मागणी अतोनात वाढली. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी तेथील मुल्कोवाल गावी १०७ जणांना लस टोचली गेली. त्यांपैकी १९ जण धनुर्वाताने मृत्यू पावले. हे सर्व १९ जण एकाच बाटलीतील लस घेतलेले होते. अन्य चार बाटल्यांतील लस घेतलेल्यांना काहीही झाले नाही.

चौकशी समितीने दोष परळच्या प्रयोगशाळेकडे दिला. लस अधिक वेगाने तयार व्हावी म्हणून हाफकिन यांनी कार्बोलिक आम्ल मिसळण्याची जुनी पद्धत बदलली होती, हे कारण पुढे करण्यात आले. बाटली उघडताना लसीला दुर्गंधी नव्हती. जंतू परळहूनच आले असते, तर इतक्या दिवसांत ती कुजून घाण आली असती. शिवाय बूच काढण्याचा चिमटा गावात जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करता वापरला गेला होता, ही नोंदही चौकशीतच होती. तरीही तिला योग्य महत्त्व दिले गेले नाही. हाफकिन वैद्य नव्हते, इंग्रज नव्हते, ज्यू होते. सरकारी वैद्यकीय खात्यातील अनेकांना ते प्रथमपासूनच परके वाटत. त्यांना पदावरून दूर केले गेले आणि १९०४ मध्ये त्यांनी भारत सोडला. ज्यांच्या लसीने लाखोंना संरक्षण दिले, त्यांच्या माथी १९ मृत्यूंचा कलंक लागला.

हाफकिन यांनी आपली बाजू मांडली ती कागदपत्रांच्या आधारे. पुरावा चोख होता, म्हणूनच काही वर्षांनी तो उभा राहू शकला. हिवतापाचा डासांशी असलेला संबंध सिद्ध करणारे रोनाल्ड रॉस यांनी इंग्लंडमध्ये हा प्रश्न हाती घेतला. जुलै १९०७ मध्ये अनेक नामवंत शास्त्रज्ञांच्या सह्यांचे पत्र लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षाअखेर सरकारला हाफकिन यांना दोषमुक्त करावे लागले.

दोषमुक्ती झाली, पण भरपाई झाली नाही. परळची संस्था त्यांना परत मिळाली नाही. कलकत्त्याच्या प्रयोगशाळेत त्यांची नेमणूक झाली. तेथे त्यांच्या कामावर मर्यादाच होत्या. तरीही ते आले. ज्या देशाच्या सरकारने त्यांना अपमानित केले होते, त्याच देशात त्यांनी पुन्हा काम स्वीकारले आणि वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी निवृत्त झाले. आपण दरवर्षी संवत्सरीला क्षमायाचना करतो. मनात गाठ न ठेवता कर्तव्याकडे परतणे हीच क्षमेची कसोटी असेल, तर हाफकिन तिला उतरले असेच म्हणावे लागेल.

उत्तरायुष्य आणि वारसा

निवृत्तीनंतर ते युरोपात राहिले. आपल्या धर्मावरील त्यांची श्रद्धा उतारवयात अधिक दृढ झाली आणि आपली संपत्ती त्यांनी पूर्व युरोपातील ज्यू धर्मशिक्षणाच्या पाठशाळांना दिली. १९२५ मध्ये परळच्या संस्थेस ‘हाफकिन संस्था’ असे नाव देण्यात आले, तेव्हा ते हयात होते. १८९७ ते १९२५ या काळात मुंबईतून प्लेगच्या लसीच्या २ कोटी ६० लाख मात्रा बाहेर गेल्या होत्या. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचे निधन झाले.

प्लेग ओसरला, पण संस्था संपली नाही. उंदीर, पिसवा आणि प्लेग यांच्या संबंधावरील मोठे संशोधन १९०५ नंतर परळलाच झाले. पुढे सर्पविषावरील प्रतिविष, श्वानदंशावरील लस आणि लहान मुलांना तोंडावाटे द्यावयाची पोलिओची लस अशी कामे या परंपरेतून उभी राहिली. संकटासाठी निर्माण झालेली संस्था संकट सरल्यावरही उपयोगी राहिली, कारण तिचा पाया भीतीवर नव्हे, अभ्यासावर घातलेला होता.

या चरित्रापासून आपल्यासारख्या न्यासाने काय घ्यावे? पहिली गोष्ट अशी की सेवा ही लादता येत नाही. ज्याची सेवा करावयाची त्याचा विश्वास आधी मिळवावा लागतो. दुसरी अशी की यशाबरोबर अपयशाचीही नोंद वहीत असावी, कारण कसोटीच्या वेळी तीच वही आपल्या बाजूने साक्ष देते. आणि तिसरी, बहुधा सर्वांत कठीण, गोष्ट अशी की एखादी चूक वा दुर्घटना घडली असता संस्थेच्या चालकांनी घाईने एका कार्यकर्त्याच्या माथी सारा दोष मारून आपली सुटका करून घेऊ नये. हाफकिन यांना न्याय मिळण्यास पाच वर्षे लागली आणि तेवढ्या काळात त्यांच्या आयुष्यातील उमेदीचा भाग वाया गेला. ती हानी एकट्या त्यांची नव्हती. त्या वर्षांत प्लेगने दगावणाऱ्या भारतीयांचीही होती.

पन्नास वर्षे एखादा न्यास चालतो तो केवळ देणग्यांवर चालत नाही. कार्यकर्ते चुकतात, दमतात, कधी त्यांच्यावर खोटे आळही येतात. अशा वेळी धीराने चौकशी करणारे आणि सत्य बाहेर येईपर्यंत त्यांच्या पाठीशी उभे राहणारे हात संस्थेला लागतात. सुवर्णमहोत्सवाच्या मंगल प्रसंगी आपल्या न्यासास असे हात पुढेही लाभोत, अशी जिनेश्वर भगवंतांच्या चरणी प्रार्थना करून, औषधदानातून अभयदान देणाऱ्या वाल्डेमार हाफकिन यांच्या स्मृतीस विनम्र अभिवादन करतो.

जय जिनेंद्र!